मिस्टरी ऑडिटचं काम: एजन्सीचा दुसरा फोन यावा म्हणून

कऱ्हाड, उंब्रज, पाटण, विटा या पट्ट्यात मी मिस्टरी ऑडिटची, म्हणजे गिऱ्हाईक बनून दुकानं गुपचूप तपासण्याची, कामं करतो. त्याआधी एसटीत वाहतूक नियंत्रक होतो. निवृत्तीनंतर ईपीएस-९५ च्या पेन्शनला हातभार म्हणून हे सुरू केलं आणि त्यात मन रमलं. आता ओळखीपाळखीचे लोक म्हणतात, काका, आम्हालाही लावून द्या. लावून देणं माझ्या हातात नाही. काम कसं मिळतं, कसं टिकतं आणि कुठे अडकतं एवढं मात्र सांगू शकतो, म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

एखादी पेट्रोल कंपनी, बँक, मोबाइलचा ब्रँड किंवा दुचाकी बनवणारी कंपनी मुंबईत नाहीतर बंगळुरात बसलेली असते. कऱ्हाडच्या कोल्हापूर नाक्यावर आपल्या नावाखाली गिऱ्हाइकाशी काय बोललं जातं, हे तिला तिथून दिसत नाही. ती हे काम एजन्सीला देते आणि एजन्सी आपल्यासारख्या स्थानिक माणसाला. आपण साधं गिऱ्हाईक म्हणून जायचं, ठरवून दिलेले प्रश्न विचारायचे, सांगितली असेल तर वस्तू घ्यायची, बाहेर येऊन ऑनलाइन फॉर्म भरायचा. दुकानदाराला आपण कोण ते कळू द्यायचं नाही. याची बहीण म्हणजे उघड ऑडिट. त्यात एजन्सीचं अधिकारपत्र दाखवून आपण माल, बोर्ड, किमती तपासतो. नवख्याने शक्य असेल तर उघड ऑडिटपासून सुरुवात करावी. त्यात नाटक नसतं, आणि फॉर्म भरण्याची सवय लागते.

पैशाचं आधीच स्पष्ट सांगतो. माझ्या भागात साध्या पंपाच्या किंवा दुकानाच्या भेटीला दोनशे ते पाचशे रुपये मिळतात. बँक, गाडीचं शोरूम, हॉटेलात मुक्काम अशा लांब कामांना त्याहून जास्त. काम रोज नसतं. एखाद्या महिन्यात सलग येतं, मग दोन महिने शांतता. घराचा हप्ता यावर भरायचा विचार कुणी करू नये. निवृत्त माणसं, घर सांभाळून थोडा वेळ काढणाऱ्या बायका, परीक्षांची तयारी करणारी मुलं यांना हे बसतं. नोकरीत असलेल्या सरकारी कर्मचाऱ्याने मात्र महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ आधी बघावेत. परवानगीशिवाय बाहेरचं काम अंगाशी येऊ शकतं.

नाव कुठे नोंदवायचं

भारतात हे काम देणाऱ्यांत बेअर इंटरनॅशनल, एचएस ब्रँड्स, फ्लोअरवॉक अशा एजन्सी आहेत. इप्सोससारख्या मोठ्या संशोधन कंपन्याही मिस्टरी शॉपिंग, म्हणजे हेच गुप्त भेटींचं काम, करून घेतात. या धंद्याची एक जागतिक संघटना आहे, एमएसपीए. तिची सुरुवात १९९८ मध्ये अमेरिकेत झाली आणि आता आशिया-पॅसिफिकसाठी तिची वेगळी शाखा आहे. नवी एजन्सी कानावर आली की मी ती या संघटनेच्या सदस्यांत आहे का ते बघतो. नसली म्हणजे खोटीच असं नाही, कारण भारतातल्या कितीतरी लहान एजन्सी सदस्य नसतात. मग केंद्र सरकारच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कंपनीचं नाव टाकून ती नोंदलेली आहे का, चालू आहे का, पत्ता कुठला, हे तपासतो. दहा मिनिटांचं काम आहे आणि ते कधीच टाळू नये.

आणि एक गोष्ट दगडावर कोरून ठेवा: नाव नोंदवायला, ट्रेनिंगला, किटला, सर्टिफिकेटला, 'रिफंडेबल डिपॉझिट' म्हणून, कशालाही आपण एक रुपया द्यायचा नाही. खरी एजन्सी आपल्याला पैसे देते. कामापुरती खरेदी स्वतःच्या खिशातून करावी लागते हे खरं, पण ती दुकानात होते, तिची पावती मिळते आणि ते पैसे परत येतात. व्हॉट्सॲपवर किंवा टेलिग्रामवर 'हॉटेलला पाच स्टार द्या, दीडशे रुपये मिळवा' असं येतं. पहिले दीडशे खरंच मिळतात, मग 'प्रीपेड टास्क' म्हणून हजार, पाच हजार, पन्नास हजार भरायला लावतात. तो मिस्टरी शॉपिंगचा मुखवटा लावलेला सरळ दरोडा आहे. कुणी अडकलंच तर लाज न बाळगता ताबडतोब सायबर फसवणुकीच्या १९३० या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा. पहिल्या काही तासांत खातं गोठवता आलं तर पैसे वाचण्याची आशा असते. आपल्याकडे २०११ मध्ये स्पीक एशियाचं प्रकरण गाजलं होतं. सर्व्हे भरून कमाई म्हणत माणशी ११ हजार रुपये घेतले गेले आणि पुढे मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे तपास गेला. तेव्हा ज्यांना ते समजलं नाही त्यांची मुलं आज टेलिग्रामच्या टास्कमध्ये सापडताना दिसतात, आणि जीव तुटतो.

नोंदणी करताना पॅन, बँक खातं, पत्ता, वय, शिक्षण, घरात कोणती वाहनं, कोणत्या बँकेत खाती, चष्मा आहे का, असं बरंच विचारतात. ही उगाच चौकशी नसते. चष्म्याच्या दुकानाच्या कामाला खरा नंबर असलेला माणूस लागतो. दुचाकीच्या सर्व्हिस सेंटरला त्याच कंपनीची, ठरावीक वयाची गाडी लागते. खरं लिहा आणि पूर्ण लिहा. माहिती अर्धी ठेवली तर सिस्टिम आपलं नाव पुढे काढतच नाही. नात्यातलं कुणी ज्या कंपनीत कामाला आहे त्या कंपनीचं काम घ्यायचं नाही, हेही तिथेच नमूद करा. बहुतेक एजन्सींचे फॉर्म सासी किंवा शॉपमेट्रिक्स अशा तयार सिस्टिमवर चालतात, त्यामुळे एकीकडे हात बसला की दुसरीकडे अडखळायला होत नाही.

काम घेण्याआधी

शेड्युलरचा, म्हणजे एजन्सीत कामं वाटून देणाऱ्या माणसाचा, फोन येतो: 'सर, उंब्रजला एक पंप आहे, परवापर्यंत होईल का?' लगेच हो म्हणू नका. आधी गाइडलाइन, म्हणजे त्या कामाच्या लेखी सूचना, मागवा आणि ती वाचून मग हो म्हणा. मी बघतो ते असं. भेटीची तारीख आणि वेळेची चौकट काय आहे. कित्येक कामं फक्त संध्याकाळी सहा ते नऊ किंवा फक्त शनिवार-रविवारची असतात. खरेदी किती रुपयांची करायची आणि त्यातले परत किती मिळणार. पावती छापील हवी की यूपीआयचा स्क्रीनशॉट चालतो. फोटो कशाकशाचे, त्यावर तारीख आणि ठिकाण उमटायला हवं का; हवं असेल तर जीपीएस कॅमेऱ्याचं ॲप घरूनच तपासून निघा. रिपोर्ट किती तासांत द्यायचा. साधारण बारा ते चोवीस तास असतात. आणि याच ठिकाणी आपण याआधी कधी गेलो होतो. एकाच दुकानाच्या दोन भेटींत ठरावीक महिन्यांचं अंतर मागतात.

मग हिशेब. समजा फी ३०० आहे, पेट्रोलचे १०० परत मिळणार आहेत आणि ठिकाण पाटणला आहे. जाण्यायेण्याचा खर्च, भेटीचा अर्धा तास, रिपोर्टचा तासभर, सगळं धरलं तर एकट्या पाटणसाठी जाणं परवडत नाही. तेव्हा शेड्युलरला सरळ विचारावं: पाटणला अजून काही आहे का? वाटेत मल्हारपेठला? दोन-तीन कामं एका फेरीत बसली की जमतं. दुसरं म्हणजे प्रवासाचा भत्ता मागायला संकोच करू नका. पुण्यात एका कामाला दहा जण हात वर करतात, पाटणला एकही नसतो. महिना संपत आला आणि ठिकाण बाकी राहिलं की एजन्सीची अडचण असते, आणि तेव्हा फी वाढवून मिळते. मात्र एकदा शब्द दिला की वाढवून मागायचं नाही. ते ब्लॅकमेल होतं.

बायको बऱ्याचदा माझ्याबरोबर असते. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे म्हणून खर्च कमी पडतो, पण खरं कारण वेगळं. पंपावरचं किंवा मॉलमधलं महिलांचं स्वच्छतागृह तपासायचं असेल तर ते मी करू शकत नाही. तिने स्वतः वेगळी नोंदणी केली आहे आणि तिचा रिपोर्ट ती स्वतः भरते. एकाच्या नावावर दुसऱ्याने जाणं हा करारभंग आहे. नवरा-बायकोतही.

प्रत्यक्ष भेट, उदाहरणार्थ पेट्रोल पंप

सगळ्यात जास्त मिळणारं आणि सगळ्यात लवकर शिकवणारं काम हे, म्हणून याच्यावर जरा रेंगाळतो.

पंपावर आपली भेट सहा-सात मिनिटांची. तेवढ्यात तीसेक प्रश्नांची उत्तरं जमवायची. रांगेत लागलो तेव्हाची वेळ. हातवारे करून मशीनकडे बोलावलं का. गणवेश, नावाची पट्टी. किती रुपयांचं हे त्याने उलट विचारून पक्कं केलं का. शून्य दाखवलं का, आणि दाखवलं तर तोंडाने म्हणाला की फक्त बोट केलं. नोझल किती वेळा दाबून थांबवलं. बिल स्वतःहून दिलं की मागावं लागलं. मग पुढे हवेचं मशीन चालू आहे का, हवा मोफत आहे का, प्यायचं पाणी, स्वच्छतागृह, दरफलक, तक्रारवही, प्रथमोपचार पेटी.

हे सगळं तिथे उभं राहून कागदावर टिपता येत नाही. माझी रीत अशी आहे: घरून निघण्याआधी फॉर्मचे प्रश्न दोनदा वाचायचे आणि मनात ते जागेप्रमाणे लावून घ्यायचे. रांग, मशीन, पैसे, हवा, पाणी, स्वच्छतागृह. प्रश्नांचा क्रम विसरायचा, जागांचा क्रम लक्षात ठेवायचा. वेळेसाठी मोबाइलवर स्वतःलाच व्हॉट्सॲप संदेश पाठवायचा: रांगेत लागण्याआधी एक अक्षर, पैसे देऊन हवेकडे गेल्यावर एक. संदेशाखाली वेळ आपोआप पडते. पेट्रोलच्या मशीनपाशी मोबाइल वापरायला मनाई असते, म्हणून तिथे तो खिशातच ठेवा. रांगेत येण्याआधी आणि हवेकडे गेल्यावर वेळ टिपा, मधला काळ घड्याळाकडे बघून लक्षात ठेवा. हातात साधं काट्यांचं घड्याळ असावं, त्याच्याकडे बघितलं तर कुणाला काही वाटत नाही.

काही कामांत पाच लिटरच्या मापाने पेट्रोल मोजून दाखवा असं म्हणायला सांगतात. तो प्रत्येक गिऱ्हाइकाचा हक्क आहे. प्रमाणित माप पंपावर असलंच पाहिजे, आणि पाच लिटरला २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक ग्राह्य धरतात. भेसळ ओळखायची फिल्टर पेपरची चाचणीही मागता येते. पण हे एजन्सीने दिलेल्या स्क्रिप्टमध्ये असेल तरच मागा. स्वतःच्या उत्साहाने मागितलं तर पंपवाले सावध होतात, मॅनेजर बाहेर येतो, आणि पुढचं सगळं वागणं बदलतं. मग आपण बघतो ते रोजचं चित्र राहत नाही.

फोटो शेवटी, निघताना. दरफलकाचा फोटो कुणीही काढतं, त्याला अडचण नाही. स्वच्छतागृहाचा फोटो आत कुणी नाही याची खात्री करूनच, आणि दार उघडं ठेवून. आत माणूस असताना कॅमेरा बाहेर काढायचा नाही, मग तो फोटो राहिला तरी चालेल. एजन्सीला तसं कळवलं की ते ऐकतात.

पंपावर पोरं बारा-बारा तास उभी असतात, हे डोळ्यांसमोर ठेवा. त्यांना भरीस घालून चूक करायला लावायची नाही. 'बिल नको, सुटे ठेव तुलाच' असं म्हणून मग 'बिल दिलं नाही' लिहिणारा माणूस या कामाला लायक नाही.

बँक

माझ्या वयामुळे मला बँकेची कामं येतात. प्रसंग असा बेतलेला असतो: निवृत्तीचे काही लाख आहेत, सुरक्षित ठेवायचे आहेत. समोरचा माणूस मुदत ठेव सुचवतो की विमा, ज्येष्ठांच्या जादा व्याजाचं सांगतो का, मुदतीआधी पैसे काढले तर काय होईल हे सांगतो का, हे ऐकायचं. अशा गुप्त भेटींची ताकद किती असते याचा एक दाखला देतो. अर्थविषयक लेखिका मोनिका हालन आणि अर्थशास्त्रज्ञ रेणुका साने यांनी दिल्लीतल्या बँक शाखांत याच पद्धतीने माणसं पाठवून अभ्यास केला होता. करबचतीसाठी काय घेऊ असं विचारणाऱ्याला शाखेतून काय सुचवलं जातं हे त्यातून उजेडात आलं. मुंबईत आणि पाटण्यात प्रशिक्षित 'रुग्ण' पाठवून क्षयाची लक्षणं डॉक्टर ओळखतात का, हेही संशोधकांनी तपासलं आहे. आपण पंपावर किंवा बँकेत करतो ते याच जातीचं काम आहे. ते गंभीरपणे करावं.

बँकेत सावधगिरी मात्र जास्त. कोणताही फॉर्म सही करून द्यायचा नाही, आधारची प्रत ठेवायची नाही, चेक फाडायचा नाही. 'घरी मुलाशी बोलून सांगतो' हे वाक्य आपल्या वयाला शोभतं आणि सगळीकडे चालतं. मोबाइल नंबर मागतात. तो दिला की पुढचे दोन महिने विक्रीचे फोन येत राहतात, म्हणून या कामासाठी वेगळं सिम घ्या. नाव खोटं सांगायला गाइडलाइनमध्ये सांगितलं नसेल तर खरंच सांगा. खोटं नाव सांगून नंतर यूपीआयवर खरं नाव दिसलं की सोंग उघडं पडतं.

रिपोर्ट

एजन्सी आपल्याकडून विकत घेते तो रिपोर्ट. भेट कितीही छान झाली आणि रिपोर्ट कच्चा असेल तर एजन्सीच्या हातात काहीच पडत नाही. बहुतेक नवखे इथेच गळतात. त्यांना वाटतं, जाऊन आलो, झालं काम.

एसटीत मी स्थानकावर गाड्यांच्या नोंदी लिहायचो. 'गाडी उशिरा सुटली' असं लिहिलं तर ते पान निरुपयोगी. १०.१५ ची गाडी १०.३२ ला सुटली, चालक १०.२८ ला आला, असं लिहिलं की डेपोत कुणालाही कळतं की सतरा मिनिटं कुठे गेली. रिपोर्टलाही हाच नियम लावतो. दोन नमुने देतो.

पहिला: 'स्टाफ उद्धट होता. कोणीही लक्ष दिलं नाही. फार वाईट अनुभव.'

दुसरा: 'मी ११.०६ ला दुकानात गेलो. काउंटरवर दोन कर्मचारी होते. एक जण दुसऱ्या ग्राहकाचं बिल करत होता, दुसरा मोबाइल बघत होता. ११.१० पर्यंत माझ्याशी कोणी बोललं नाही. ११.१० ला मी मोबाइल बघणाऱ्या कर्मचाऱ्याला हेडफोनबद्दल विचारलं. त्यांनी मान वर न करता "तिकडं लावलेत बघा" असं उत्तर दिलं.'

पहिल्यात माझा राग आहे, दुसऱ्यात घडलेलं आहे. दुसरा वाचून मॅनेजर काही करू शकतो. शिवाय बिल करणाऱ्या मुलावर अन्याय होत नाही, कारण तो कामात होता हे लिहिलेलं आहे. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. एसटीत मार्ग तपासणी पथकाच्या एका ओळीवर वाहकाची चौकशी लागायची आणि घर हादरायचं. आपल्या ओळीवरही कुणाचा इन्सेंटिव्ह, कुणाची बदली, कुणाची नोकरी अवलंबून असू शकते. म्हणून जे बघितलं, ऐकलं, तेवढंच. 'बहुतेक त्याला माहीत नसावं', 'मुद्दाम टाळलं' असे अंदाज काढून टाका. त्याच्या मनात काय होतं हे आपण बघितलेलं नाही.

चांगलं लिहितानाही हात आखडू नका. बरेच जण वाईटावर दहा ओळी लिहितात आणि चांगल्यावर 'छान सर्व्हिस' एवढंच. विट्याच्या एका दुकानातल्या मुलीने एका आजीबाईंना खुर्ची दिली, मग मोबाइलचे अक्षर मोठं करून दिलं, हे मी वेळेसकट लिहिलं होतं. फॉर्ममध्ये त्याला प्रश्न नव्हता, शेवटच्या रकान्यात लिहिलं. असं लिहायला जागा शोधावी.

कर्मचाऱ्याची ओळख नावाच्या पट्टीवरून लिहा. पट्टी नसेल तर अंदाजे वय, उंची, चष्मा, दाढी, गणवेशाचा रंग. वर्ण, जात, बोलीवरची टिप्पणी कधीही नाही.

रिपोर्ट बहुधा इंग्रजीत लागतो. याची धास्ती घेऊन खेड्यापाड्यातली हुशार माणसं मागे फिरतात, ते चुकीचं आहे. भारी इंग्रजी कुणाला नको असतं. लहान वाक्यं, साधा भूतकाळ, घडलं त्या क्रमाने. महत्त्वाचं बोलणं मात्र तो माणूस ज्या शब्दांत बोलला त्याच शब्दांत द्या आणि पुढे अर्थ लिहा. काही एजन्सी हिंदीही चालवून घेतात, विचारून बघावं.

सादर करण्याआधी एकदा फक्त विसंगती शोधण्यासाठी वाचा. रिपोर्ट परत येण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच: वर 'अभिवादन केलं का' ला 'हो' आणि खाली लिहिलंय 'कोणी बोललं नाही'. किंवा आत गेल्याची वेळ ११.०६ आणि पावतीवर १०.५८. पावती आधी समोर ठेवा, मग वेळा भरा. आणि हे सगळं त्याच दिवशी. मी घरी आलो की चहाआधी बसतो. रात्र गेली की कुठल्या भेटीत कोण काय म्हणालं याची सरमिसळ होते, विशेषतः एका फेरीत तीन पंप केले असतील तर.

नंतर

दोन-तीन दिवसांत एजन्सीच्या क्वालिटी टीमचा, म्हणजे रिपोर्ट तपासणाऱ्यांचा, फोन किंवा मेल येतो. 'सर, प्रश्न १४ चं स्पष्टीकरण द्या.' चिडायचं नाही, त्यांनाही पुढे क्लायंटला, म्हणजे काम देणाऱ्या कंपनीला, उत्तर द्यायचं असतं. आठवत असेल तर सांगा, आठवत नसेल तर आठवत नाही म्हणा. त्यांना हवं म्हणून उत्तर बदलू नका. एका एजन्सीकडून मला 'तेवढं नाही चं हो करा, क्लायंट ऐकत नाही' असा आग्रह झाला होता. मी नकार दिला आणि ते काम तिथेच थांबलं. पुन्हा त्यांच्याकडे गेलो नाही, आणि त्याने काही अडलं नाही.

भेटीचे कच्चे टिपण, पावत्या, फोटो किमान सहा महिने जपून ठेवा. दुकानदार क्लायंटकडे वाद घालतो तेव्हा एजन्सी आपल्याकडे पुरावा मागते.

गुप्तता पाळायची म्हणजे काय, तर कोणत्या ब्रँडसाठी गेलो हे भावकीतही सांगायचं नाही, फेसबुकवर पावती टाकायची नाही, आणि ज्या दुकानात गेलो त्याच्या मालकाला नंतर भेटल्यावर 'तुमचे मार्क मीच दिले' म्हणायचं नाही. मीही इथे ब्रँडची नावं घेतलेली नाहीत ती त्यामुळेच. दुकानात कुणी 'तुम्ही ऑडिटवाले का?' असं विचारलं तर नाही म्हणून साधेपणाने व्यवहार पूर्ण करा आणि रिपोर्टमध्ये तसं नमूद करा. लपवलं तर नंतर सगळाच रिपोर्ट संशयात येतो. व्हिडिओ ऑडिट वेगळं असतं. त्यात एजन्सी उपकरण देते आणि लेखी सूचना देते. लेखी काही नसताना स्वतःच्या मनाने छुपं चित्रीकरण करू नये.

एखाद्या दिवशी जमणार नसेल तर शेड्युलरला आदल्या दिवशीच कळवा. शेड्युलरच्या डोक्यात दोन याद्या असतात: फोन उचलणारे आणि न उचलणारे. नवं, चांगलं काम आलं की पहिल्या यादीला आधी फोन जातो. माझ्या बाबतीत रिपोर्टच्या गुणांइतकंच या एका गोष्टीने काम वाढलं.

परदेशात असलेल्या आपल्या मुलामुलींसाठी एक सूचना, कारण हे बरेच जण विचारतात. अमेरिकेत एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर शिकणाऱ्याने किंवा नोकरदार जोडीदाराबरोबर एच-४ व्हिसावर गेलेल्या, कामाचा परवाना नसलेल्या व्यक्तीने हे काम करू नये. तिथे मिस्टरी शॉपर हा स्वतंत्र कंत्राटदार धरला जातो, आणि विनापरवाना काम केल्याचा शिक्का व्हिसावर पडतो. तिकडे फसवणुकीचा प्रकारही वेगळा आहे: टपालाने मोठ्या रकमेचा चेक येतो, तो खात्यात भरून त्यातून गिफ्ट कार्ड घ्या, नंबर कळवा, उरलेले तुमचे. काही दिवसांनी चेक खोटा निघतो आणि बँक सगळी रक्कम आपल्याकडून वसूल करते.

पैसे यायला तीस ते साठ दिवस लागतात, काही ठिकाणी त्याहून जास्त. म्हणून एक वही ठेवा किंवा मोबाइलवर एक्सेलचा तक्ता: भेटीची तारीख, एजन्सी, असाइनमेंटचा नंबर, ठिकाण, फी, खर्च, रिपोर्ट मंजूर झाल्याची तारीख, पैसे आल्याची तारीख. फी आणि परत मिळायचा खर्च बिलात वेगवेगळे दाखवा. एकत्र दाखवले तर टीडीएस सगळ्या रकमेवर कापला जाण्याची शक्यता असते. पॅन दिलेला नसेल तर वीस टक्के कापतात. कापलेला टीडीएस प्राप्तिकराच्या पोर्टलवर वार्षिक माहिती पत्रकात दिसतो. आपलं उत्पन्न करपात्र नसेल तरी रिटर्न भरा, ती रक्कम परत मिळते. कित्येक ज्येष्ठ मंडळी 'एवढ्याशा पैशाला कोण रिटर्न भरणार' म्हणून ती सोडून देतात.

साठ दिवस उलटले तर फोन करत बसू नका. मेल करा, त्यात असाइनमेंटचा नंबर, मंजुरीची तारीख आणि रक्कम लिहा, शेड्युलर आणि अकाउंट्स दोघांनाही पाठवा. आठ दिवसांत उत्तर नाही आलं तर तोच मेल खाली ठेवून दुसरा. तोपर्यंत त्या एजन्सीचं नवं काम घेऊ नका, मग ती कितीही गोड बोलली तरी.